यादीत न निघणारं नाव

माळा आवरताना आज जुनी फ्लॉपी सापडली आणि प्रिंटरच्या शाईफितीचा वास नाकात भरला. नव्वदच्या दशकात मी डोंबिवलीच्या एका वधूवर मंडळात कॉम्प्युटरवर स्थळं भरायचे. सगोत्र वगळून जुळणारी स्थळं काढायची सोय जुन्या प्रोग्राममध्येच होती. नवीन आवृत्ती टाकली आणि ती सोय गायब. संचालक हवालदिल झाले, "अगं, काहीतरी कर, लोक बाहेर ताटकळलेत!" त्यांच्याच मुलाने दोन महिन्यांपूर्वी मला बघायला येऊन, आमच्या घरी पोहे खाऊन "मुलगी फार काळी आहे" असा निरोप धाडला होता. मी चार दिवस खपून ती सोय स्वतः लिहिली आणि त्यात एक ओळ जास्तीची घातली: त्याचा नोंदणी क्रमांक आला की यादी कोरी. वर्षभराने तो स्वतःच माझ्या टेबलाशी आला, नजर चुकवत म्हणाला, "अहो, माझं एकही स्थळ कसं निघत नाही?" मी त्याच्यासमोर यादी पुन्हा छापली आणि तो कोरा कागद त्याच्या हातात ठेवला. "काय करणार," मी म्हटलं, "नव्या प्रोग्रामला तुम्ही पसंत नाही." आता तो प्रोग्राम असलेली ही फ्लॉपी वाचणारं यंत्रही कुठे उरलं नाही, पण ती ओळ मला अजून तोंडपाठ आहे.