यंत्र विचारायचं, विठोजीराव सांगायचे

विठोजीराव मोहित्यांचे मूळ पुरुष कधीकाळी फौजेबरोबर घोड्यावर बसून बेंगळुरात आले. फौज पुढं गेली, हे मागं राहिले. का राहिले, हे कुणी सांगत नाही. पण "घोडा थांबलाय, तर आपल्यालाही चालेल" असं म्हणाले असावेत, असा विठोजीरावांकडे पाहून दाट संशय येतो.

कारण "चालेल" हा या माणसाचा एकमेव शब्द होता. लग्नाच्या वेळी मुलगी कशी वाटली, म्हणून विचारलं, चालेल. लग्नानंतर सोयराबाई रोज सकाळी विचारायच्या, "भाजी कोणती करू?" चालेल. आता 'चालेल' नावाची भाजी जयनगरच्या बाजारात मिळत नसल्यानं सोयराबाईंनी पहिल्या वर्षातच विचारणं सोडून दिलं, आणि पुढं बिचारीनं जगाचा निरोपही न विचारताच घेतला. मग घर सांभाळायला थोरली बहीण जमनाबाई आली. ती तरुणपणीच विधवा झालेली. सकाळी उप्पिट, डब्यात चपाती, संध्याकाळी सारू-भात, म्हणजे कानडी आमटी-भात. दोघं एका घरात राहत होती, पण एकाच स्टँडवर उभ्या असलेल्या दोन बसगाड्यांसारखी. भांडण म्हणाल तर तेही नव्हतं. भांडायलासुद्धा आधी काहीतरी विचारावं लागतं.

आनेकलच्या रस्त्यावर एक कारखाना होता. तिथं विठोजीराव हजेरीखात्यात कारकून होते. साठ सालानंतर चारपाच वर्षांनी तिथं कॉम्प्युटर आला. लोखंडी कपाटांना कुंकू लावलं, नारळ फोडला, आणि खोबरं वाटून झाल्यावर लक्षात आलं, की यंत्राच्या टाइपरायटरपुढं दिवसभर बसायला कुणीतरी लागेल. हुशार पोरांना प्रोग्रॅम लिहायचे होते, खुर्चीत बसायचं नव्हतं. विठोजीरावांना बसवलं. तेही चाललं.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांत हयवदन नावाचा धारवाडचा तरुण होता. मराठी बोलायचा, पण कन्नडच्या चालीवर. त्यानं एक भानगड हेरली. काम सुरू होण्याआधी यंत्राला तीन गोष्टी सांगाव्या लागत: महिना कोणता, खातं कोणतं, पाळी कोणती. त्या एका कार्डावर भोकं पाडून कार्डांच्या गठ्ठ्यावर ठेवत. ते कार्ड बदलायला लोक विसरायचे. मग जूनमध्ये एप्रिलची हजेरी छापून यायची. निवृत्त झालेला फिटर पूर्ण महिना हजर, आणि नवा लागलेला वेल्डर जन्मालाच न आलेला!

हयवदननं कार्ड काढून टाकलं. यंत्रानंच विचारायचं, असं ठरवलं. काम सुरू करण्याआधी टाइपरायटर आपला आपण खडखडायचा आणि कागदावर इंग्रजीत उमटायचं, "महिना?" मग यंत्र गप्प. उत्तर टाइप केल्याशिवाय एक पाऊल पुढं टाकायचं नाही. सोय म्हणून प्रत्येक प्रश्नाचं नेहमीचं उत्तर आत भरून ठेवलेलं. काहीच न लिहिता कळ दाबली, तर यंत्र ते उत्तर धरून चालायचं.

पहिल्या दिवशी टाइपरायटर खडखडला, तेव्हा विठोजीरावांनी मागं वळून पाहिलं. मागं भिंत होती.

"मला विचारतंय?"

"मग कुणाला, अण्णा? खुर्चीत तुम्हीच आहात की."

विठोजीरावांनी कोटाची गुंडी लावली, घसा साफ केला, मोठ्यानं "जून" म्हणाले आणि मग एका बोटानं टाइप केलं. यंत्र लगेच कामाला लागलं. आपल्या एका शब्दावर कुणीतरी हललं, हा अनुभव त्यांना पन्नाशीत आला.

त्या दिवसापासून नुसती कळ त्यांनी कधीच दाबली नाही.

"अण्णा, खातं नेहमीचंच आहे. कळ दाबा, झालं. त्याला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे तर विचारतंय कशाला? विचारलंय, तर माणसानं सांगावं."

पुढं पुढं तर ते डबाही यंत्रापाशीच खाऊ लागले. न जाणो, आपण कँटीनमध्ये असताना त्यानं काही विचारलं तर! रविवार त्यांना खायला उठायचा. रविवारी जयनगरच्या घरात घड्याळ बोलायचं तेवढंच, आणि तेही विचारायचं नाही, सांगायचं.

मग मागण्या सुरू झाल्या.

"हयवदना, हे 'महिना?' म्हणजे स्वल्प पोलिसासारखं वाटतं रे. 'कृपया' घाल की."

"एकेका अक्षराला आत जागा लागते, अण्णा! तुमच्या कृपयापायी अख्खं वेल्डिंग खातं बाहेर पडेल!"

पण घातलं. पोरगा मनानं मऊ होता. मग कागद भरला का, हा प्रश्न आला. कार्डांचा गठ्ठा नीट लावला का, हा आला. शेवटी 'सुरू करू का?' हासुद्धा आला, आणि त्याला विठोजीराव कानडी होकार भरत "सरी, सरी, कर" असं म्हणून मान डोलवायचे. कामं लांबू लागली. दाराबाहेर इतर खात्यांचे लोक कार्डांच्या पेट्या कडेवरच्या पोरासारख्या घेऊन ताटकळायचे, आणि आत विठोजीरावांचा एका बोटाचा संवाद चालायचा.

ही रांग एके दिवशी भगवंतराव साहेबांनी पाहिली. भगवंतराव बेळगावकडचे, या विभागाचे प्रमुख, सरळ माणूस. त्यांनी दोघांना बोलावलं.

"विठोजीराव, मला वाटतं प्रश्न काढून टाकावेत. नेहमीची उत्तरं कायमची आत घालू, महिना यंत्र आपला आपण मोजेल. हा हयवदन म्हणतो, राहू द्या. पण खुर्चीत तुम्ही बसता. तुम्ही सांगाल तसं करू. तुम्हाला काय हवंय?"

साहेबांनी चष्मासुद्धा काढून ठेवला. हयवदन मागून भुवया उंचावत होता, मान हलवत होता, त्याचं फक्त नाचणं बाकी होतं. विठोजीरावांना जे काही हवं होतं ते एका वाक्यात मावणारं होतं. त्यांनी टेबलावरच्या काचेच्या गोळ्याकडे पाहिलं.

"चालेल, साहेब."

"काय चालेल?"

"कसंही."

बाहेर आल्यावर हयवदननं कपाळावर हात मारला. "अण्णा! एवढं विचारलं की हो त्यांनी!"

"हो ना," विठोजीराव म्हणाले. "किती चांगलं विचारलं."

सोमवारी नवा प्रोग्रॅम आला. गठ्ठा लावला, कळ दाबली, आणि यंत्र धडाधड छापत सुटलं. टाइपरायटर हूं की चूं नाही. विठोजीराव कळांवर बोटं टेकून बसले होते. हजेरी बरोबर आली. दुसरं काम, तिसरं काम, तीही बरोबर. रांग संपली, लोक खूश झाले, कुणीतरी त्यांच्या पाठीवर थापही मारली. यंत्राला आता सगळं ठाऊक होतं, अगदी जमनाबाईसारखं.

दुपारी त्यांनी डबा उघडलाच नाही.

संध्याकाळी पानावर सारू-भात आला. विठोजीरावांनी पानाकडे पाहिलं, मग बहिणीकडे.

"अक्का, तुला काय हवंय?"

जमनाबाईचा हात वाढता वाढता थांबला. "मीठ कमी पडलंय का?"

"मीठ नाही गं. तुला. तुला काय हवंय?"

"ताप आलाय काय तुला? मला काय रे हवं असणार? काहीही."

"काहीही नाही चालत. सांग."

त्यांनी हात पानाबाहेर ठेवला आणि थांबले. रागावले नाहीत, आग्रह केला नाही, पुढंही गेले नाहीत. भातावरची वाफ गेली.

"जेव की रे!"

"तू सांगितलंस की जेवतो."

जमनाबाई पातेलं उचलून मोरीकडे गेली. बराच वेळ नळाचा आवाज येत राहिला. मग नळ बंद झाला.

"शेवंती," ती तिकडूनच म्हणाली. "डोईत नाही रे माळणार, भिऊ नको. देवालाही नको, त्याला रोज मिळतात. नुसती हातात धरायला. कुणी आणली नाही कधी." आणि लगेच, घाईघाईनं, "नसली तरी चालेल."

विठोजीराव उठले. पायात चपला सरकवल्या आणि कोपऱ्यावरच्या बाजारात गेले. फुलवाली गंगव्वा कंदील लावून टोपलीशी बसली होती.

"शेवंती दे. हातभर माळ."

"पांढरी का पिवळी, अण्णा?"

नेहमीचा शब्द जिभेवर येऊन बसला होता. विठोजीरावांनी तो गिळला.

"थांब हं," ते म्हणाले, "विचारून येतो."

"अहो, पिवळी न्या! सगळे पिवळीच नेतात!" गंगव्वा मागून ओरडली. पण विठोजीराव तोवर कोपरा ओलांडून, चपला फटफटवत, जवळजवळ पळत घराकडे निघाले होते.