बारवेची शेवटची पायरी

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व कुठं द्यायचं, दीर्घ कुठं, हे मला कधी नीट उमगलं नाही. ही वही कुणाच्या हाती पडलीच तर चुकांकडे काणाडोळा करावा. चौथीपुढं मी शिकले नाही. का शिकले नाही ते लिहायला बसले आहे, कारण तोंडानं सांगणं मला आजवर जमलं नाही.

आमचं गाव चौसाळ्याहून पायी दोन तासांवर. शाळेला तेव्हा मदरसा म्हणत. तो देवळाच्या ओवरीत भरे आणि मागच्या बाजूला बारव होती, पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जाता येईल अशी विहीर. गाव नदीतल्या झिऱ्याचं किंवा पाटलाच्या विहिरीचं, दोरानं ओढलेलं पाणी पीत असे. बारवेचं पाणी फक्त मदरशाचं. आम्ही पोरं मधल्या सुट्टीत खाली उतरायचो, शेवटच्या पायरीवर वाकून ओंजळीनं प्यायचो आणि तिथंच पाट्या धुवायचो. मदरशात आम्ही पाचच मुली होतो. मी कुणाशी बोलत नसे, म्हणून रेंगाळतही नसे. त्यामुळे रांजण भरायचं काम गुरुजींनी मला दिलं होतं.

मी चौथीत होते त्या वैशाखात नऊ पोरांना नारू झाला. पायाला फोड यायचा, तो फुटायचा आणि आतून पांढरा दोरा डोकं काढायचा. तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. तुटला तर पाय सुजून गाडग्याएवढा व्हायचा. शेजारची मुलगी, माझ्याच वर्गातली, तिच्या गुडघ्याजवळ निघाला आणि तुटला. दोन महिने ती खाटेवर होती. रडून रडून तिचा आवाज बसला होता, तो भिंतीपलीकडून मला ऐकू यायचा.

नऊही पोरं मदरशाचीच होती. गावात बोलणं सुरू झालं की ओवरीखालची जमीन बाधते, भिंतींना ओल आहे, पोरींना अक्षर शिकवलं म्हणून देव कोपला. पाटलांनी मदरसा बंद करायचं ठरवलं. गुरुजींनी आठ दिवसांची मुदत मागून घेतली आणि तहसिलीत अर्ज दिला की सरकारनं येऊन मदरसा तपासावा.

सातव्या दिवशी बीडहून डॉक्टर आले, टांग्यातून, दोन पेट्या घेऊन. ते त्यांच्या बोलीत बोलत आणि गुरुजी आम्हाला मराठीत सांगत. त्यांनी भिंतींची ओल हात लावून पाहिली, जमीन उकरून माती हुंगली, रांजण उपडा करून आतला गाळ पाहिला. मग बारवेत उतरले. वर येऊन त्यांनी घागरभर पाणी पांढऱ्या फडक्यातून गाळलं, फडकं उलटं करून काचेच्या पेल्यात धुतलं आणि पेला उन्हात धरला. तांदळाच्या कणीहून बारीक, पांढरे ठिपके पाण्यात उड्या मारत होते. एक भिंग त्यांनी आमच्या हाती दिलं आणि एकेकाला बघायला लावलं.

गुरुजी सांगत होते की नारूचा पाय पाण्यात बुडाला की त्यातून पिल्लं सुटतात, हे ठिपके म्हणजे बारीक किडे, ते ती पिल्लं गिळतात आणि पाण्याबरोबर आपण ते किडे पितो. मग वर्षभरानं आपल्या पायातून नारू निघतो. दोष जमिनीचा नाही, पाण्याचा आहे. पायऱ्या बुजवा, रहाट बसवा.

पाटील ओवरीच्या काठावर बसले होते. ते म्हणाले, "किडे कोणत्या पाण्यात नसत्यात साहेब? आमच्या गावात नारूचा पाय कुणी पाण्यात घालीत न्हाई. जागाच वाईट हाय. मदरसा बंद करा, लेकरं बरी होतील."

डॉक्टरांनी विचारलं, मागल्या वर्षी कुणाला नारू झाला होता का, कुणी पाय धुतला होता का. 

भिंग तेव्हा माझ्या हातात होतं.

मागल्या वैशाखात माझ्या घोट्याला नारू झाला होता. आईनं रुईचं पान बांधून दिलं आणि कुणाला सांगू नको म्हणाली, नाहीतर पोरीला खोट आहे असं लोक म्हणतील. आग अशी व्हायची की दात आवळून बसावं लागे. रांजण भरायला खाली गेले की मी शेवटच्या पायरीवर बसून पान सोडायची आणि पाय पाण्यात ठेवायची. तेवढाच वेळ थंड वाटायचं. फोडातून पेजेसारखं पांढरं काहीतरी पाण्यात पसरायचं. ते पसरताना मी बघत बसायची. मग पाय काढून त्याच पायरीवरून घागर भरायची.

मी बोटांवर महिने मोजले. वैशाख ते वैशाख. भिंतीपलीकडचा तो बसलेला आवाज आठवला. एवढ्या माणसांपुढं मी कधी मान वर केली नव्हती. मी भिंग खाली ठेवलं, परकर घोट्याच्या वर धरला आणि पाय पुढं केला. नारूचा वण तिथं होता, अजून आहे.

गुरुजींनी हळू विचारलं, "कधीचा?"

"मागल्या वैशाखातला."

"पाण्यात घातला होतास?"

"रोज."

दोष पाण्याचा ठरला आणि मदरसा वाचला. पण संध्याकाळी शेजारीण बाई, त्या मुलीची आई, दाराशी आली. ती ओरडली नाही. आईला एवढंच म्हणाली, "तुझ्या पोरीनं माझ्या पोरीचा पाय खाल्ला," आणि गेली. त्यानंतर वर्षभर ती आमच्याशी बोलली नाही.

पंच बसले. पायऱ्या बुजवायची भिंत आणि रहाट यांना तीस रुपये हाली, म्हणजे तेव्हाच्या आमच्याकडच्या संस्थानी नाण्यातले, लागणार होते. ते आमच्या आबांनी, माझ्या वडिलांनी, भरावेत असं ठरलं, कारण पाय आमच्या घरचा. आबा शेळ्या राखत, तीस रुपये त्यांनी एकदम कधी पाहिले नव्हते. गुरुजी म्हणाले, "हिच्या पायात तरी कुठून आला? हिच्या आधीचा पाय कुणाचा ते दाखवा, म्हणजे पैसे वाटून घेऊ." तेव्हा आबाच म्हणाले, "पोरीनं पाय दाखवला. आता मी मागं कावून सरू? मी देतो." पाण्याचं काम थांबण्यासारखं नव्हतं, म्हणून गुरुजींनी स्वतःच्या पगारातून पैसे घातले आणि आबांनी ते हळूहळू फेडायचे असं झालं.

चौथीची परीक्षा झाली आणि मी मदरसा सोडला. कापूस वेचायला जाऊ लागले, भुईमुगाच्या शेंगा तोडायला जाऊ लागले. मला कुणी जा म्हणालं नव्हतं. माझी मजुरी आई वेगळ्या गाडग्यात ठेवी.

पुढच्या वैशाखात आणखी चार पोरांना नारू झाला. भिंतीच्या आधी प्यायलेलं पाणी होतं ते, पण लोक म्हणाले, बघा, आबाचा पैसा पाण्यात गेला. मी ते वर्ष कसं काढलं ते मलाच माहीत. त्याच्या पुढच्या वैशाखात मात्र एकालाही झाला नाही. मी रोज मदरशासमोरून जाताना पोरांचे पाय मोजत असे.

शेजारणीची मुलगी पुन्हा मदरशात जाऊ लागली होती. गुडघा तिचा वाकत नसे, पाय ओढत चाले. शेवटचे दोन रुपये द्यायला मी निघाले तेव्हा ती आमच्या दारात उभी होती. म्हणाली, "एकटी कावून जातीस? मला बी तिकडंच जायचंय." माझ्या खांद्यावर हात ठेवून ती चालली. मी तिला काहीतरी सांगायला हवं होतं. सगळी वाट मी शब्द जुळवत राहिले आणि मदरसा आला.

गुरुजी रहाटाजवळ हातपाय धूत होते. मी पदराच्या गाठीतून दोन रुपये काढून त्यांच्या ओल्या हातावर ठेवले. त्यांनी ते मोजले नाहीत. ओवरीत जाऊन वही काढली, आबांच्या नावापुढच्या सगळ्या ओळींवरून एकच रेघ ओढली, खाली एक ओळ लिहिली आणि वही आमच्यापुढं धरली. शेजारणीच्या मुलीनं ते मोठ्यानं वाचलं, "तीस रुपये पुरे पोचले."