पातीतली जागा

आमच्याकडे रोवणीला बायका एका ओळीत वाकतात. प्रत्येकीची आपली पात, म्हणजे रोवायचा पट्टा, ठरलेली असते, आणि धान रोवत रोवत सगळ्या मागे मागे सरकतात. एखादी हळू पडली तर बाजूच्या तिच्यासाठी थांबत नाहीत. तिच्या दोन्ही अंगांनी रोवत निघून जातात, आणि ती तीन बाजूंनी हिरव्या रोपांत अडकून एकटीच चिखलात उरते. मग ‘कोंडली वो, कोंडली!’ असा ओरडा होतो. गंमत म्हणतात तिला. पण कोण कितीदा कोंडली हे गाव लग्नकार्यापर्यंत लक्षात ठेवतं.

दवनीवाड्याजवळच्या या गावात मी नांदायला आले त्याला वीस वर्षं होतील. अंगणवाडीची नोकरी करूनही रोवणीच्या दिवसांत सुटी मिळाली की मी पातीत उभी राहायचे, आज हिच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, तर उद्या तिच्या. मला कधी कुणी कोंडलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी कोंडलं, आणि तेही आमच्याच बांधीत. वाकलेली मी उठूच शकत नव्हते. हातात पऱ्ह्याची, म्हणजे रोपांची पेंढी, वर बिरसीच्या विमानतळावरचं शिकाऊ विमान घिरट्या घालत होतं, आणि बांधावरून सासू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, ‘‘खुर्चीवर बसून बसून कोढी झाली हे!’’

कोढी म्हणजे आळशी. आमच्याकडे बाईला याहून वाईट शिवी कमीच असेल.

त्याआधी वर्षभर मी थकलेलीच होते. झोपून उठले तरी थकलेली. एप्रिलातही मला थंडी वाजायची, पंख्याचा वारा सोसायचा नाही, चेहरा सुजायचा, फणीत केसांचा पुंजका यायचा. भाजी बसून चिरायची, झाडताना मागची खोली सोडून द्यायची, एका खेपेचं पाणी दोन खेपांत आणायचं, अशा माझ्या युक्त्या चालल्या होत्या. अंगणवाडीत पोरं खिचडी खायला बसली की मी रजिस्टरवर डोकं टेकवायची. मदतनीस बाईनं ते पाहिलं आणि दुपारपर्यंत गावाला कळलं. नवऱ्याचं निदान वेगळं होतं. ‘‘खाऊन खाऊन लठ्ठ होऊन राहिली तू,’’ तो म्हणायचा. जेवण अर्धं झालं होतं माझं, पण ताटात बघायची कुणाला फुरसत होती?

शेवटी कोंडल्यानंतरच्या आठवड्यात मी एकटीच गोंदियाला जाऊन रक्त तपासून आले. थायरॉईड मंद चाललेलं निघालं. लोह कमी, बी-बारा कमी, आणि उन्हातून मिळतं ते डी जीवनसत्त्वही कमी. त्यावर मी डॉक्टरसमोरच हसले. जन्म उन्हात गेला, पण डोक्यावर पदर आणि साडीवर नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट घालून. उन्हाला शिरायला जागा ठेवलीच कुठं होती!

खरं सांगते, तो रिपोर्ट हातात आला तेव्हा मला आनंद झाला. आता माझ्याकडे कागद होता. खटल्यातून निर्दोष सुटल्यासारखी मी घरी आले आणि तो नवऱ्यापुढे धरला. त्यानं उलटापालटा करून पाहिला.

‘‘याच्यात थकवा कोठी लिवला आहे?’’

सासूनं तर हातही लावला नाही. ‘‘आमाले का थकवा नोयता? आमी कायले नाही गेलो सुया टोचाले?’’

ठीक आहे, मी म्हटलं, बरी होऊन दाखवते. आणि इथं मी स्वतःच माती खाल्ली. थायरॉईडच्या गोळीबद्दल डॉक्टर हिंदीत बोलला होता, ‘सुबह खाली पेट लेना, एक घंटा कुछ नहीं.’ मी ऐकलं, समजलंही. पण मी कोण? गावातल्या पोरींना आणि गरोदर बायकांना लोहाच्या लाल गोळ्या देणारी, प्रत्येकीला बजावणारी की गोळी उपाशीपोटी घ्यायची नाही, पोटात आग पडते. इतकी वर्षं हेच घोकून घेतलं होतं. शहरातल्या डॉक्टरला आमची पोटं काय माहीत, असं मला वाटलं. मग मी रोज सकाळी वाटीभर पेज प्यायची आणि वर चहासोबत सगळ्या गोळ्या एकदम घ्यायची. थायरॉईडची, लोहाची, कॅल्शियमची, एका घोटात. कुणाला वाटेल किती शिस्तीची बाई!

वर्ष गेलं. डॉक्टरनं गोळीची ताकद दोनदा वाढवली. मी होते तिथंच, उलट पुढच्या रोवणीला पुन्हा कोंडले. आता तर सासूला माझ्या गोळ्यांचाच आधार मिळाला. ‘‘सालभर गोळ्या खाऊन राहिली, काही फरक हाये का? रोगच नाही तं जाईन काय?’’ तिच्या जागी मी असते तर मीही हेच बोलले असते, म्हणून ते जास्त झोंबलं.

पुढच्या खेपेला डॉक्टरनं विचारलं, गोळी कशी घेता. मी अभिमानानं सांगितलं. त्यानं पेन खाली ठेवलं. लोह आणि कॅल्शियम बरोबर घेतलं की थायरॉईडची गोळी अंगी लागत नाही, म्हणाला, आणि चहानंही बिघडतं. मग माझ्या केसपेपरवरची नोकरी वाचून त्यानं विचारलं, ‘‘मॅडम, आप तो दूसरों को समझाती हो ना?’’

बसमध्ये मला रडू आलं, ते रागाचं होतं. एक आख्खं वर्ष मी स्वतःच्या हातानं चहात बुडवलं होतं.

तेव्हापासून पहाटे उठल्याबरोबर पाण्यासोबत ती एकच गोळी. सगळ्यांचा चहा करून द्यायचा आणि स्वतः तासभर वास घेत बसायचं. लोहाची गोळी दुपारच्या जेवणानंतर, कॅल्शियम रात्री. बी-बाराची इंजेक्शनं संपली. तीन-चार महिन्यांत पाणी पुन्हा एका खेपेत येऊ लागलं. पूर्ण बरी नाही मी. दुपारी चारनंतर अजून पाय जड होतात, पण तेवढं लपवता येतं.

यंदाच्या रोवणीत मी पातीत उभी राहिले. माझ्या शेजारी सालेकशाकडून आलेली एक नवी सून होती, आठ महिन्यांच्या बाळाची आई. तासाभरात ती मागे पडू लागली. चेहरा पांढरा, ओठ पांढरे. तिचं रक्त किती कमी आहे ते माझ्याच रजिस्टरात लिहिलेलं होतं. तिला लाल गोळ्या मीच दिल्या होत्या.

‘‘मॅडम, जराशा थांबा ना,’’ ती हळूच म्हणाली.

मला थांबता आलं असतं. तिची चार रोपं मी रोवली असती तर ती सुटली असती. पण बांधावर सासू बसली होती आणि तिची नजर माझ्या पातीवर होती. मी नव्या पेंढीची गाठ सोडली आणि त्या पोरीच्या कडेनं रोवत मागे सरकले. पलीकडची बाईही सरकली. ‘कोंडली वो, कोंडली!’ असा पहिला आवाज निघाला तो माझा होता.

सगळ्या हसल्या. ती पोरगीही हसली, हसावंच लागतं.

सुटी झाल्यावर सासूनं स्वतः किटलीतून चहा ओतला आणि कप माझ्या हातात दिला. ‘‘आता बरी झाली तू,’’ ती म्हणाली.

दोन वर्षं मी याच वाक्याची वाट पाहत होते. मी चहा प्यायले.