राजासाठी वाढलेलं पान

बॉथेलला आमच्या घराच्या मागे लाकडी डेक आहे आणि कुंपणापलीकडे शेजारच्या आजोबांचं अंगण. आम्ही राहायला आलो तेव्हा ते बहात्तर वर्षांचे होते. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. बायको वारलेली, मूलबाळ नाही. त्यांचे पूर्वज मोराव्हिया या स्लाव लोकांच्या मुलखातून इकडे आलेले.

त्यांना एका माणसाचं वेड होतं. सातव्या शतकातला स्लाव लोकांचा एक राजा. हा राजा जन्मानं स्लाव नव्हताच, शेजारच्या फ्रँक लोकांच्या मुलखातला व्यापारी होता. साथीदारांबरोबर माल विकायला स्लावांकडे गेला. ते लोक तेव्हा आवार नावाच्या लढाऊ टोळ्यांच्या जुलमाविरुद्ध उठले होते. हा त्यांच्या बाजूनं लढला, आणि लढाईत इतका उपयोगी पडला की त्यांनी त्यालाच राजा केलं. पस्तीस वर्षं राज्य. बारा बायका, बावीस मुलगे, पंधरा मुली. ही सगळी माहिती एका जुन्या बखरीत आहे. तिच्यात एकाही मुलाचं नाव नाही, आणि राजाला कुठे पुरलं तेही नाही.

चार वर्षांपूर्वी माझे बाबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले. जिल्हा सांख्यिकी कार्यालयात त्यांची नोकरी झाली, त्यामुळे आकडा कानावर पडला की ते बेरीज करतात. मीही करतो. पहिल्याच आठवड्यात कुंपणाशी दोघांची गाठ पडली.

"बावीस आणि पंधरा सदतीस," बाबा त्यांच्या कचेरीतल्या इंग्रजीत म्हणाले. "सदतिसांपैकी एकाचंही नाव नाही? मास्तर, हे रेकॉर्ड ठेवलं कोणी?"

"शत्रूंनी," आजोबा म्हणाले.

"मग बरोबर. आमच्याकडे आपलीच माणसं असं ठेवायची."

रोज संध्याकाळी दोघं नदीकाठच्या दलदलीपर्यंत फिरायला जात. बॉथेलचे कावळे पाहिल्याशिवाय खरे वाटत नाहीत. दिवस मावळायला लागला की चहूकडून उडत येतात आणि त्या दलदलीतल्या झाडांवर बसतात. मी एकदा डेकवरून मोजायला घेतले. एका मिनिटात दोनशे चाळीस झाले आणि आभाळ तसंच भरलेलं होतं. मी मोजणं सोडलं.

ऑगस्टमध्ये आजोबांनी बाबांना सांगितलं की डॉक्टरांनी त्यांना फार तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंतचा काळ दिलाय. त्यानंतर ते राजाबद्दल वेगळंच विचारू लागले. ज्याला सदतीस मुलं होती त्याच्या मागे कोणी उरलं नाही, तर ज्याला एकही नाही त्याचं काय? असा माणूस कोणाच्या लक्षात राहतो का? बाबांनी रात्री जेवताना हे मला जसंच्या तसं सांगितलं. आमटी भातावर ओतता ओतता म्हणाले, "मास्तर राजाचं विचारत नाहीयेत."

सर्वपित्री अमावास्येला बाबांनी दोन पानं वाढली. ज्यांच्या मृत्यूची तिथी माहीत नाही त्यांच्यासाठी हा दिवस असतो. एक पान आमच्या पितरांचं, दुसरं राजाचं.

"त्याचं गोत्र?" मी विचारलं.

"गोत्र माहीत नसलं तर काश्यप म्हणतात. सोय आहे ती."

"आजोबा, दॅट्स सो क्रीपी," माझी मुलगी दारातूनच बाबांना म्हणाली.

"क्रीपी काय त्यात? पाहुणा आहे. खीर आण."

भात, वरण, उडदाचे वडे, खीर. दोन्ही पानं डेकच्या कठड्यावर, हातभर अंतरावर. बारा वाजून दहा मिनिटांनी कावळा आला, मग आणखी तीन. आमचं पान त्यांनी चाटूनपुसून साफ केलं. दुसऱ्याकडे एकानंही मान वळवली नाही. पदार्थ तेच, पातेलीही तीच.

आजोबा शाल पांघरून कुंपणापलीकडे खुर्ची टाकून बसले होते. बाबांनी त्यांना समजावलं की कावळा शिवला नाही तर गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली आहे असं आम्ही धरतो. मग ती ओळखून, पुरी करू असं वचन द्यावं लागतं. दिलं की कावळा शिवतो.

दुपारभर बाबा वचनं देत राहिले. तुझ्या मुलांची नावं शोधू. तुझी जागा शोधू. वाऱ्यानं पानाची कड हलायची तेवढीच.

"त्याला विचारा, घरी परत जायचंय का," आजोबा म्हणाले. मग त्यांनी बखरीतली एक गोष्ट सांगितली. राजाच्या जन्मभूमीचा वकील त्याच्या दारी आला, तर राजानं भेट नाकारली. शेवटी वकिलानं स्लावांचे कपडे घातले आणि तसाच आत शिरला. "आपल्या माणसांचे कपडेही त्याला नजरेसमोर नको होते. नाही, परत जायचं नसणार."

सूर्य झाडांच्या मागे गेला. डोक्यावरून कावळे दलदलीकडे जायला लागले. इतके, की त्यांच्या पंखांचा आवाज पावसासारखा एकसंध येत होता. त्या हजारोंतला एकही खाली उतरला नाही. भात वरून सुकला होता.

"दरवर्षी कोणीतरी हे करील, एवढंच सांगा," आजोबा हळू म्हणाले. त्यांनी शाल गळ्याशी घट्ट धरली होती.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचं परतीचं विमान पंधरा दिवसांवर होतं. "मी कसा सांगू? तू बोल."

निभावता येणार नाही असं मी बोलत नाही. ऑफिसातसुद्धा तारीख देण्याआधी दोनदा हिशेब करतो. मी हात जोडले आणि मराठीत म्हणालो, "मी या घरात आहे तोवर दरवर्षी पान ठेवीन. दोघांसाठी."

दोघांसाठी. मला एकासाठी म्हणायचं होतं. शब्द तोंडातून गेल्यावर मी आजोबांकडे पाहिलं, आणि तेवढ्यात वरच्या थव्यातून एक कावळा सुटून सरळ कठड्यावर आला. त्यानं वड्याला चोच लावली. पण मान वर करून तो पाहत होता कुंपणापलीकडे.

आजोबांनी लहान मुलासारख्या टाळ्या वाजवल्या. "काय म्हणाला तो? काय वचन दिलं?"

"दरवर्षी ठेवीन म्हणाला," बाबांनी सांगितलं. एवढंच सांगितलं. मग पातेली उचलून आत गेले. स्वयंपाकघरात मला म्हणाले, "जिवंत माणसाला मोजलंस रे." मी भांडी घासायला घेतली.

आजोबा उन्हाळ्यापर्यंत पोचले नाहीत. फेब्रुवारीत गेले. शेवटपर्यंत भेटेल त्या नर्सला सांगत होते की शेजाऱ्यांनी राजाची सोय केली आहे.

तेव्हापासून मी तीन पानं ठेवतो. तिन्ही शिवली जातात. तिसऱ्याला कधी दोन मिनिटंसुद्धा लागलेली नाहीत.

या वर्षी ऑफिसनं मला देशाच्या दुसऱ्या टोकाला, जर्सी सिटीला वरची जागा देऊ केली. बायकोच्या दोन्ही बहिणी तिकडेच, एडिसनला राहतात.

"हो म्हण ना. दहा वर्षं झाली इथे, आता किती थांबायचं?" ती म्हणाली.

"मुलीचं शाळेचं शेवटचं वर्ष आहे," मी म्हणालो.

मुलीनं फोनमधून डोकं वर काढलं. "बाबा, आय ग्रॅज्युएट इन जून. दे सेड ऑगस्ट."

तिचं बरोबर होतं, तारखा मीच वाचून दाखवल्या होत्या. बायको माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मी उठून डेकवर गेलो आणि कठडा पुसून घेतला. ऑफिसला नकार कळवला आणि कारणाची जागा रिकामी सोडली.