वादळाच्या मोसमातला फोन

माझी एकुलती एक लेक अमेरिकेत, ओक्लाहोमात राहते. तिथं टॉर्नेडो येतात. टॉर्नेडो म्हणजे आपली वावटळच, पण साधीसुधी नव्हे. आमच्या मुळशीतल्या भरे गावातली वावटळ फार तर पाचोळा नाही तर दोरीवरचं धोतर पळवते, तिकडची आख्खं घर उचलते. आणि घरं कसली, तर लाकडाची! "विटांचं बांधा की जावईबापू, एवढं कमवताय तर," असं सांगून पाहिलं. हसले नुसते.

एप्रिल, मे, जून हे तिकडचे वादळाचे महिने. तिथं संध्याकाळी सायरन वाजतो, तेव्हा माझ्याकडं नुकतं उजाडलेलं असतं. लेक बिनखिडकीच्या बाथरूममध्ये आडोशाला जाऊन बसते आणि तिथूनच मला फोन लावते. "आप्पा, टीव्हीवर बघाल नि घाबराल, म्हणून आधीच सांगते." मग धोका टळेपर्यंत फोन चालू. "कुटं हाय आता? तुमच्याकडं वळलं का?" मी विचारत राहतो, ती सांगत राहते. माझा चहा निवून जातो.

बायको गेल्यापासून घरात बोलायला कुणी नाही. पुढच्या खोल्या भाड्यानं दिल्यात, पण ती पोरं पिरंगुटला कंपनीत पाळ्या करतात आणि आली की दार लावून झोपतात. मग मी मोबाईलवर टॉर्नेडोच वाचत बसतो. अमेरिकेत वर्षाला हजाराच्या वर येतात, जगात एवढे कुठंच नाहीत. त्याच्या खालोखाल कॅनडा. अर्जेंटिनाच्या मैदानात येतात, इंग्लंडात येतात, पण इंग्लंडातले बहुतेक मवाळ. बांगलादेशात अमेरिकेपेक्षा कितीतरी कमी, पण आले की माणसं फार मरतात. एक भाडेकरू बंगालचा आहे. तो म्हणाला, "चाचा, हमारे उधर भी आता है." मला एवढा आनंद झाला की त्याला आत बोलावून चहा पाजला. दुसऱ्या दिवशीही हाक मारली, तर त्याची पाळी होती.

जून सरला की फोन थांबतो. तिकडचं आभाळ निवळतं आणि इकडं मुळशीत पाऊस दाराबाहेर पाऊल टाकू देत नाही. दिवाळीला एक फोन, संक्रांतीला एक, तोही "बरी हायेस ना? बरं, ठेव," एवढाच. आग लागो या मनाला, पण कधी कधी वाटतं, तिकडं एखादा सायरन वाजावा. मोठं वादळ नको, लांबून निघून जाणारं चालेल. पोटच्या पोरीच्या गावावर वादळ मागणारा बाप! लाज वाटते, तरी एप्रिलची वाट बघणं सुटत नाही.

यंदा मे महिन्यात फोन आला, पण मागं सायरन नव्हता.

"आप्पा, आनंदाची बातमी! ह्यांची बदली झाली. आम्ही कॅलिफोर्नियाला चाललो. तिकडं टॉर्नेडो अगदी क्वचित. तुमची काळजी मिटली."

"लई बरं झालं, बाई," मी म्हणालो. ओट्यावर टेकलो, आणि तोंडातून निघून गेलं, "तिकडं भूकंप तरी होत्यात का गं?"

ती हसली. मग एकदम हसायची थांबली.

"म्हणजे भूकंप झाला तरच फोन करू का मी? आप्पा, मला वाटायचं, तुम्हाला वादळाचंच ऐकायचं असतं. एरवी केला तर लगेच 'ठेव' म्हणता. आणि स्वतःहून तर इतक्या वर्षांत एकदाही केला नाहीत."

काय सांगणार? लेकीच्या सासरी बापानं उगाच डोकावू नये, असं आमच्या घरात मानत आले. माझा आजा माझ्या आत्याच्या गावावरून जायचा, पण तिच्या घरचं पाणी प्यायचा नाही. हे अमेरिकेत राहणाऱ्या पोरीला कोणत्या तोंडानं समजावू?

"ऐकताय ना?"

"ऐकतोय." काहीतरी बोलायला हवं होतं आणि वादळाशिवाय काही सुचेना. "जेवलीस का?" मी विचारलं.

"न्हाई अजून," ती म्हणाली. "आई गेल्यापासनं हे मला कुणी विचारलंच न्हाई, आप्पा."