कापसाच्या मळ्यातले मासे

“अमेरिकेतल्या कापसाच्या मळ्यात तलाव कुठून आला, मॅडम? आणि वर त्यात मासे?”

प्राचार्यांनी विद्यापीठाचं पत्र टेबलावरून माझ्याकडे सरकवलं. आमच्या कॉलेजच्या अकराही विद्यार्थ्यांचा अमेरिकेच्या इतिहासाच्या पेपरचा रिझल्ट राखून ठेवला होता. एका प्रश्नाच्या उत्तरात अकराही जणांनी एक परिच्छेद शब्द न् शब्द सारखा लिहिला होता. त्यात तलाव होता, मासे धरणारे ढिवर होते, मासे होते. परीक्षकानं लाल शाईनं शेरा मारला होता : सामूहिक कॉपी.

“कॉपी नाही सर,” मी म्हटलं. “ते माझं लिखाण आहे. माझ्या नोट्समधलं.”

प्राचार्यांनी चष्मा काढला. “मग तर जास्तच वाईट,” ते म्हणाले.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. चंद्रपूरच्या एका कॉलेजात मी इतिहास शिकवत होते. बी.ए.ला मुख्य विषयासोबत एक जोडविषय घ्यावा लागे. अमेरिकेचा इतिहास, तिथला समाज, तिथली संस्कृती असा एक जोडविषय यादीत होता. तो कोणी घेत नसे, कारण मराठीत धड पुस्तक नव्हतं. त्या वर्षी अकरा जणांनी घेतला. बल्लारपूरहून पॅसेंजरनं येणारी कामगारांची मुलं होती, घुग्घुसच्या खाणकामगारांच्या घरांतली होती. तीन-चार बौद्ध कुटुंबांतली होती. तिथली गुलामगिरी संपल्यावर त्या माणसांचं पुढं काय झालं, हे त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं, नुसतं पास व्हायचं नव्हतं. आणि मूल तालुक्यातल्या एका खेड्यातली वच्छला होती. ढिवराची, म्हणजे मासे धरणाऱ्या घरची मुलगी. शेवटच्या बाकावर बसायची आणि वर्षभरात चार वाक्यं बोलली असेल.

लायब्ररीत पुस्तक एकच, तेही इंग्रजी आणि पाठ मोडलेलं. म्हणून मी मराठीत नोट्स काढल्या. तेव्हा झेरॉक्स आमच्यापर्यंत पोचलं नव्हतं. मेणाच्या कागदावर लोखंडी टोकाच्या लेखणीनं लिहायचं, त्याला स्टेन्सिल म्हणत. ती शाईच्या रोलरवर चढवली की प्रती निघत. हात काळे, पदर काळा. मला त्याचा भारी अभिमान होता, खोटं कशाला बोलू?

प्रश्न होता गुलामगिरीनंतरच्या शेतीचा. कायद्यानं माणसं मोकळी झाली, पण जमीन जुन्या मालकांकडेच राहिली. मग मोकळी झालेली माणसं त्याच जमिनीत वाट्यानं कापूस पिकवू लागली. ‘आपल्याकडची बटई’ म्हणून मी पुढं गेले असते तर काही बिघडलं नसतं. पण मला हौस! एकदा मूलकडे लग्नाला गेले असताना तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभं राहून मासेमारी पाहिली होती. मी ठोकून दिलं : “आपल्याकडे तलाव ठेकेदाराचा, मेहनत ढिवरांची, आणि मासे निम्मे-निम्मे. अमेरिकेतही तसंच.” अकरा जणांनी ते पाठ केलं आणि पेपरात जसंच्या तसं उतरवलं.

पत्र आल्याच्या दुसऱ्या दिवशी वच्छला स्टाफरूमच्या दाराशी उभी.

“मॅडम, गडचिरोलीकडं आश्रमशाळेत अधीक्षिकेची जागा निंगाली. मुलींच्या होस्टेलची. माही मुलाखत हाय, आठ दिवसांनी.”

“मग जा की.”

“मार्कशीट नसन तर उभं बी नाई करत म्हणते.” ती खाली बघत होती. “माह्या घरी आजवर कोणी महिन्याच्या पगारावर नाई लागलं.”

कॉपी सिद्ध झाली तर नुसता पेपर नाही, अख्खं वर्ष जाणार होतं.

विद्यापीठाच्या गैरप्रकार समितीनं त्याच आठवड्यात मला आणि एका विद्यार्थ्याला बोलावलं. प्राचार्य म्हणाले, “जरा बोलका पोरगा न्या.” मी वच्छलाला नेलं. घाई तिलाच होती. गाडीत वरोरा मागे पडेपर्यंत ती नोट्स घोकत होती. मी एकदा खेकसले, “बस कर गं, पाठ झालंय तुला!” ती गप्प बसली, पण ओठ हलतच होते.

समितीत तीन जण होते. अध्यक्ष वयस्कर, थकल्या आवाजाचे. मी स्टेन्सिलच दाखवली. त्यांनी ती उजेडात धरून वाचली.

“नोट्स तुमच्या, हे मान्य. पण पोरांनी पाठ केलं की चिठ्ठीवरून उतरवलं?”

“हिलाच विचारा,” मी म्हटलं.

वच्छला उभी राहिली आणि पाढे म्हणावेत तसा तो परिच्छेद घडाघडा म्हणून दाखवला. दुसरे एक सदस्य हसले. “पत्र गेल्यावर पाठ केलं असेल. ह्यानं काय सिद्ध होतं?”

खरंच होतं ते. मीच हात दाखवून अवलक्षण करून घेतलं होतं.

अध्यक्षांनी मात्र तिला खुणेनं बसवलं. “बाई, पाठ आहे ते ऐकलं. आता मला सांगा, जे म्हटलं ते तुम्हाला पटतं का?”

वच्छलानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “बोल. जे आहे ते बोल.”

“नाई पटत, सर.”

“का बरं?” अध्यक्षांनी विचारलं.

“मासे निम्मे नाई भेटत. माहे बाबा धरते मासे. जाळं वर आलं का मोठे रोहू-कतले पयले बाजूले निंगते. ते ठेकेदाराचे. मंग जाळ्याचं म्हणून थोडे निंगते. डोंग्याचं म्हणून थोडे निंगते. जे उरते, त्याचे दोन ढीग. त्याले निम्मे म्हणते.” तिनं माझ्याकडे हात केला. “मॅडमनं पाळीवरून पाह्यलं असन. पाळीवरून दोन ढीगच दिसते.”

“मग पेपरात निम्मे काऊन लिहिलं?” अध्यक्षही नकळत तिच्याच बोलीवर आले.

“पेपर मॅडमच्या नोट्सचा होता ना सर. तलावाचा थोडीच होता?”

मी जीभ चावली. ती थांबली नाही.

“आन् अमेरिकेत बी असंच असन. खरंच निम्मं भेटलं असतं तर त्या लोकांनी दोन-चार वर्सांत आपलं वावर घेतलं असतं. मोकळे होऊन बी पिढ्यानपिढ्या तिथीच काऊन राह्यले मंग? मोठे मासे पयलेच निंगत असन, म्हणून.”

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. “मॅडम, मूळ पुस्तकात काय आहे?”

बापा! आता काय सांगायचं? पुस्तकात तेच होतं. मालक बियाण्याचं, अवजारांचं, वर्षभराच्या दाण्याचं आधी कापून घेई, मग वाटणी. मी ते वाचलं होतं, समजलंही होतं. पण स्टेन्सिलवर शेवटच्या दोन ओळींना जागा उरली नव्हती. दुसरी स्टेन्सिल कापायचा कंटाळा केला आणि त्या ओळी गाळल्या. वाटलं होतं, परीक्षेपुरतं भागेल.

“पुस्तकात हिचंच आहे,” मी म्हटलं. “चूक माझी आहे. मी जागेअभावी गाळलं. हवं तर लेखी देते.”

लेखी दिलंच. प्राचार्यांनी नंतर मेमोही दिला, तो मी फाईलला लावला. पण चिठ्ठीवरून उतरवणारी पोर असं बोलत नाही, म्हणत अध्यक्षांनी कॉपीचा शेरा उठवला. त्या प्रश्नाला मार्क बेताचेच मिळाले, ते योग्यच होतं. अकरापैकी दहा जण पास झाले. अकरावा इंग्रजीत गेला, त्याला मी काय करणार?

मार्कशीट मुलाखतीच्या आदल्या दिवशी हाती पडली. वच्छलाला नोकरी लागली. आश्रमशाळेत रुजू होण्याआधी ती माझ्या घरी आली. हातात पळसाच्या पानांत गुंडाळलेला रोहू होता, चांगला हातभर लांब.

“मॅडम, मोठा हाय. तुमच्यासाठी पयलेच बाजूले काढला.”

“अगं, मी काय ठेकेदार आहे?” मला ओशाळल्यासारखं झालं. डोळ्यांत पाणीही आलं, ते लपवायला मी पानं सोडू लागले.

“नाई मॅडम,” ती पहिल्यांदाच मोकळी हसली. “ठेकेदार पाळीवर येयाच्या आधी काढला बाबानं.”

मासा मी ठेवून घेतला. चोरीचा म्हणावा का, हा विचार मनात आला, पण फार वेळ टिकला नाही.

पुढच्या वर्षी तीच स्टेन्सिल पुन्हा कापली, या वेळी दोन कागदांवर. खाली चार बोटं जागा मुद्दाम कोरी सोडली आणि तिच्या वरच्या बाजूला लिहिलं : “तुमच्या गावात कसं होतं ते इथं लिहा.” त्या वर्षी नोट्समधल्या माझ्या आणखी दोन चुका निघाल्या.