अल्ब्युमिन आणि बाबांचे पाय

गोंदियाच्या एका लॅबमध्ये मी रक्त तपासते. ऐन रोवणीत, भाताची लावणी चालू असताना, बाबा गावाहून आले, अंगात कणकण, जेवण जात नाही म्हणून. मीच रक्त काढलं. अल्ब्युमिन इतकं कमी निघालं की मी पुन्हा एकदा तपासून बघितलं. रक्तातलं हे प्रथिन लिव्हर बनवतं. लिव्हर खराब झालं की ते घटतं. आणि बाबांनी मोहाची दारू सोडली होती, आईला शब्द देऊन.

ते गावी परतल्यावर मी आईला फोन करून, बाबा पुन्हा पितात हा संशय बोलून मोकळी झाले. तिने त्यांच्याशी बोलणं टाकलं.

मला मात्र एक गोष्ट टोचत राहिली. लिव्हरच्या बाकी तपासण्या ठीक होत्या. मग हा एकच आकडा का रुसला? उरलेल्या रक्तात सीआरपी या दुसऱ्या प्रथिनाची तपासणी लावून बघितली, तर ते भरमसाट. अरे, तेही लिव्हरच बनवतं! एक माल मंद, दुसरा जोरात, म्हणजे कारखाना तर चालू आहे. मी रिपोर्ट घेऊन आमच्या डॉक्टरांकडे पळाले.

ते म्हणाले, "शरीरात कुठे दाह झाला की तिथल्या पेशी रक्तातून निरोप धाडतात. तो पोचला की लिव्हरच्या पेशी अल्ब्युमिन कमी करतात आणि सीआरपीसारखी प्रथिनं भराभर रक्तात सोडतात. लिव्हर बिघडलेलं नसतं, दुसऱ्या कामाला लागलेलं असतं."

रोवणीत आमच्या घरीही हेच होतं. सगळे भाताच्या बांधीत, अंगण झाडायचं राहून जातं. इतकी वर्षं हे आकडे लिहिले, पण लिव्हरला निरोप येतात हे कधी डोक्यात आलं नव्हतं. त्या धाकधुकीतही मला मौज वाटली.

"शेतकरी ना? पाय बघितले का?" डॉक्टरांनी विचारलं.

नव्हते बघितले. रोवणीत चिखलपाण्यात राहून सगळ्यांच्याच पायाच्या बोटांत चिखल्या होतात, त्यांची दखल कोण घेतो? त्याच दिवशी गावी गेले. बाबांच्या डाव्या पायाची चिखली पिकली होती, पाऊल घोट्यापर्यंत लाल आणि गरम. तसंच त्यांना दवाखान्यात नेलं.

पाय बरा झाला, काही आठवड्यांनी अल्ब्युमिनही वर आलं. तो रिपोर्ट मी आईला वाचून दाखवला, माझी चूक होती हे सांगितलं. ती बाबांसाठी चहा ठेवायला उठली.

बाबा माझ्याकडे बघत म्हणाले, "पोरी, तू माह्या रक्ताले इचारलं, डॉक्टरले इचारलं. मले काऊन नाई इचारलं?"